चौतिसाव्या मजल्याची शेजारीण

बाई राहायच्या दुसऱ्या मजल्यावर आणि पत्ता सांगताना सांगायच्या तिसरा. जपानमध्ये तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्या हिशोबाने त्यांचं बरोबर होतं. पण त्यांचं घर जपानमध्ये नव्हतं, विरार पूर्वेला मनवेलपाड्यात होतं, आणि पार्सलवाल्यांना हा हिशोब ठाऊक नव्हता. त्यामुळे बाईंची पुस्तकं, रक्तदाबाच्या गोळ्या, एकदा तर गॅसच्या शेगडीचा बर्नर, असं सगळं वरच्या मजल्यावर जायचं. तिथे एसटीतून निवृत्त झालेले एक एकटे गृहस्थ राहत. ते पार्सल घेऊन कुरकुरत एक जिना उतरायचे, बाईंच्या दारात उभे राहून ‘अहो, दुसरा सांगा, दुसरा,’ म्हणायचे आणि पंधरा मिनिटं बसून परत जायचे.

मी एकदा बाईंना म्हटलं, ‘सांगून टाका ना दुसरा. त्यांना केवढा त्रास.’

‘मग ते खाली कशाला येतील?’ बाई म्हणाल्या.

मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काम केलं. आमचं ऑफिस स्टेशनपासून दहा मिनिटांवर होतं. इमारतीच्या तळाला साड्यांचं दुकान आणि मिठाईवाला, पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना आणि दहावीचे क्लास, दुसऱ्यावर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर राहती घरं. आम्ही तिघंच होतो: साहेब, बाई आणि मी. काम एका टॉवरचं होतं. जपानमधल्या एका मोठ्या शहरातला एकेचाळीस मजल्यांचा टॉवर. शहराचं नाव सांगायचं नाही असं करारात आहे. खालचे पाच मजले दुकानं, त्यावर ऑफिसं, त्यावर हॉटेल, आणि तिसाव्यापासून वर घरं. तळाशी एक पेटी ठेवलेली. रहिवाशांनी तक्रार कागदावर लिहून त्या पेटीत टाकायची. टॉवरचा कारभार सिंगापूरच्या एका कंपनीकडे होता आणि तिथे कोणालाच जपानी येत नव्हतं. म्हणून दर आठवड्याला चिठ्ठ्या स्कॅन होऊन विरारला यायच्या, आम्ही त्यांचं इंग्रजी करायचो, ते सिंगापूरला जायचं, आणि तिथून टॉवरच्या व्यवस्थापकाला हुकूम सुटायचे.

बाईंनी हा टॉवर आमच्या ऑफिसात उभा केला होता. चौकटींच्या कागदाचे तक्ते एकाला एक चिकटवून, पाण्याच्या फिल्टरमागून सुरुवात करून त्यांनी एकेक मजला भिंतीवर चढवत नेला होता. उंचीचा अंदाज चुकला. बत्तिसाव्या मजल्याला भिंत संपली. तेव्हा बाईंनी टेबलावर खुर्ची ठेवून उरलेले मजले छतावर चिकटवले. त्यामुळे सगळ्यात वरच्या मजल्यावरची माणसं आमच्या डोक्यावर आडवी झोपल्यासारखी दिसायची. प्रत्येक घराच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक अक्षरात नोंदी होत्या. ‘कुत्रा (चोरून).’ ‘पियानो, एकाच ठिकाणी चुकतो.’ ‘बाळ, जूनपासून.’ ‘नवरा परत आला?’

‘बाई, हे आपल्या कामात येत नाही,’ साहेब म्हणायचे.

‘कोण कुठून बोलतंय ते कळल्याशिवाय काय बोलतंय ते कसं कळणार?’ बाई म्हणायच्या, आणि छताकडे बघत लिहीत राहायच्या.

त्यांचं वय तेव्हा साठीच्या आसपास. खाडीकाठच्या एका भातशेतीवाल्या घरातल्या. भावाशी फोनवर बोलताना पाण्याला ‘पानी’ म्हणायच्या. ऑफिसात कधी नाही, फक्त राग आला तर. बाविसाव्या वर्षी मुंबईत एका जपानी यंत्रांच्या कंपनीत टायपिस्ट म्हणून लागल्या आणि खोक्यांवरच्या पट्ट्या वाचत वाचत भाषा शिकल्या. शिकवलं कोणीच नाही. पुढे परीक्षा दिल्या, सगळ्या पास झाल्या. लग्न केलं नाही. पासपोर्ट काढला होता, तो कोराच राहिला. ‘जावंसं नाही वाटत?’ असं मी विचारलं तर म्हणाल्या, ‘जाऊन काय करू? तिथे गेले की लिफ्टसाठी रांगेत उभं राहावं लागेल. इथून मला सगळे मजले एकदम दिसतात.’

साहेबांशी त्यांचा वाद नेहमीचा, आणि तो एकाच गोष्टीवरून. जपानी माणूस तक्रार लिहितो तेव्हा शेवटी ‘आपल्याला त्रास दिल्याबद्दल क्षमस्व’ असं लिहितोच. साहेबांचं म्हणणं, ते गाळायचं. साहेब स्वतः दोन वर्षं तिकडे एका हॉटेलात भांडी घासत शिकलेले. ‘बाई, तो अर्थ नाहीये, ती सवय आहे,’ ते म्हणायचे. बाई म्हणायच्या, ‘मग सवयही कळू दे की त्यांना.’ एकदा एका रहिवाशाने लिहिलं होतं, ‘शेजारचं बाळ पहाटे रडतं. बाळाने रडू नये असं माझं म्हणणं नाही. फक्त कोणाला तरी सांगावंसं वाटलं. त्रास दिल्याबद्दल क्षमस्व.’ साहेबांना याचं हवं होतं ‘आवाज. लहान मूल.’ बाईंनी चारही वाक्यं पाठवली. सिंगापूरहून उत्तर आलं की यात कारवाई काय करायची ते कळत नाही. बाईंनी ते उत्तर छापून घेतलं आणि टॉवरच्या पायथ्याशी डकवलं.

स्वतःच्या इमारतीतही त्यांनी हा प्रकार करून पाहिला. सोसायटीत गळती आणि पार्किंग यांवरून रोज आरडाओरडा व्हायचा. बाईंनी एक छापील अर्ज केला, जिन्याखाली पेटी ठेवली. अर्जाच्या तळाला छापलेलंच होतं, ‘आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल मी दिलगीर आहे.’ चेअरमन म्हणाले, ‘बाई, टाकी मी भरत नाही म्हणून तक्रार करायची आणि वर माफी पण मागायची? इथे लोक तोंडाने बोलतात.’ महिन्याने पेटी उघडली तर आत एकच अर्ज निघाला, वरच्या एसटीवाल्यांचा. पार्सलबद्दल होता. खालची दिलगिरी त्यांनी पेनने खोडली होती.

आता आजींबद्दल. चौतिसाव्या मजल्यावर एक बाई एकट्या राहत. त्यांचं नाव चिठ्ठीवर काळं केलेलं असे, घराचा नंबर तेवढा दिसे. एका चिठ्ठीत त्यांनी ‘मी एकोणऐंशी वर्षांची आहे’ असं लिहिलं होतं, तेव्हापासून आमच्याकडे त्यांचं नाव आजी. दर गुरुवारी त्यांची एक चिठ्ठी, हाताने लिहिलेली, ब्रशच्या पेनाने. लिफ्टमधला आवाज ‘दार बंद होत आहे’ हे फार घाईने म्हणतो, अशी एक तक्रार. तळाच्या बेकरीचा वास पहाटे चारला वर येतो. वास चांगला आहे, पण चार वाजता भूक लागणं गैरसोयीचं आहे, अशी दुसरी. दोरावरून लटकत काच पुसणाऱ्या माणसाने खिडकीतून मान झुकवून नमस्कार केला. मी रात्रीच्या कपड्यांत होते, मला नीट नमस्कार करता आला नाही, पुढच्या वेळी आधी कळवावं, अशी तिसरी. बाई आजींच्या चिठ्ठीला शेवटी हात घालायच्या. आधी बाकीच्या उरकायच्या, मग डबा खायच्या, आणि मग ती.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर बाई एक दिवस मला म्हणाल्या, ‘हे बघ. ओळ खाली उतरत चाललीय.’ मी जुन्या चिठ्ठ्या काढून पाहिल्या. खरंच, ओळी शेवटी शेवटी घसरायला लागल्या होत्या. ‘डोळे असतील,’ बाई म्हणाल्या, ‘नाहीतर हात.’ पुढच्या गुरुवारची चिठ्ठी आलीच नाही. त्यापुढचीही नाही. तिसऱ्या आठवड्याचा गठ्ठा बाईंनी दोनदा चाळला आणि उठून साहेबांच्या टेबलापाशी गेल्या.

‘सिंगापूरला मेल करा. आजींच्या घरी कोणाला तरी पाठवायला सांगा.’

‘कुठल्या आजी?’ साहेबांनी विचारलं. बाईंनी छताकडे बोट केलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं आणि समजावलं की रहिवाशांबद्दल आपण काही जाणायचंच नाही, अशी करारात अट आहे. आपलं काम शब्दांचं. चिठ्ठी आली तर भाषांतर करायचं. न आलेल्या चिठ्ठीचं काय करणार? ‘आणि तिथे चोवीस तास रिसेप्शन आहे, गार्ड आहेत. एकेचाळीस मजले माणसं आहेत, बाई.’

‘म्हणूनच कोणी जाणार नाही,’ बाई म्हणाल्या. ‘प्रत्येकाला वाटेल, दुसरा जाऊन आला असेल.’

साहेब नाहीच म्हणाले. बाई जागेवर आल्या आणि त्यांनी काम पुरं केलं.

बाईंचं भाषांतर झालं की दुसरी वाचक म्हणून मी ते मुळाशी ताडून बघायचे आणि सही करायचे. त्या दिवशी स्कॅन सत्तावन्न होते. फाइलमध्ये नोंदी अठ्ठावन्न होत्या. शेवटची तेहतिसाव्या मजल्यावरून आलेली होती: ‘माझ्या वरच्या घरातून तीन आठवडे पाण्याचा आवाज आलेला नाही. कृपया चौकशी करावी. त्रास दिल्याबद्दल क्षमस्व.’

मी स्कॅन पुन्हा मोजले. सत्तावन्नच. बाई समोर बसून पेन्सिलीला टोक करत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी खाली सही केली आणि फाइल पाठवली. तेव्हा माझ्या मनात नेमकं काय चाललं होतं ते मला आजही नीट सांगता येत नाही. घाबरले होते एवढं आठवतं.

नऊ दिवसांनी सिंगापूरहून मेल आला. चौतिसाव्या मजल्यावरच्या रहिवासी ठीक असल्याचं व्यवस्थापकाने स्वतः जाऊन पाहिलं आहे. मात्र त्यांच्या खालचं घर मार्चपासून रिकामं आहे आणि अठ्ठावन्न नंबरची चिठ्ठी मूळ कागदांत सापडत नाही. खुलासा करावा.

साहेबांनी आम्हा दोघींना उभं केलं नाही, बसवलंच, पण मेल मोठ्याने वाचला.

‘मी लिहिली,’ बाई म्हणाल्या.

साहेब माझ्याकडे वळले. ‘तू ताडून पाहतेस ना? तुझ्या लक्षात नाही आलं?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘घाईत होते.’

‘मीच तिला घाई केली,’ बाई म्हणाल्या.

‘बाई,’ साहेब म्हणाले, ‘एक चिठ्ठी आपण मनाने लिहिली हे त्यांना कळलंय. आता उरलेल्या सत्तावन्नांवर त्यांनी विश्वास कसा ठेवायचा?’

‘बरोबर आहे तुमचं.’ बाईंनी मान हलवली. त्यांना ते खरंच पटलेलं दिसलं. त्यांनी डबा पिशवीत टाकला, पेन्सिली टाकल्या. मग दाराशी जाऊन वळल्या. ‘ठीक आहेत असं लिहिलंय. पण कोनी बघितलं? किती वेळ बघितलं?’

बाई चपला घालून जिना उतरल्या. पुढल्या आठवड्यात साहेबांनी मला भिंत साफ करायला सांगितली. भिंतीवरचे मजले मी काढले. छतापर्यंत माझा हात पोचत नव्हता, आणि खुर्ची टेबलावर चढवायला मला धीर झाला नाही.

बाईंच्या जागी मी आले आणि माझ्या जागी एक नवी मुलगी आली. बाईंना फोन करावा असं रोज मनात यायचं. केला नाही. ऑफिसपासून मनवेलपाडा रिक्षाने दहा मिनिटांवर.

बाई गेल्यानंतर सहाव्या आठवड्याच्या गठ्ठ्यात आजींची चिठ्ठी निघाली. घराचा नंबर वाचला नसता तर मला ओळखूच आली नसती. अक्षरं भलीमोठी, वाकडी, पहिलीतल्या मुलाने गिरवावीत तशी. मी ती वहीत उतरवून घेतली. ऑफिसातला कागद बाहेर न्यायला बंदी होती, आणि वहीत उतरवून न्यायलाही बंदीच होती. रविवारी सकाळी मी मनवेलपाड्याला गेले.

बाईंनी दार उघडलं आणि ‘ये’ म्हणून आत गेल्या, जणू मी काल येऊन गेले होते. खाली पेपर पसरून त्या केळफूल साफ करत होत्या. निर्मळच्या बाजारातून भावाने आणून दिलेलं. हात तेलाने आणि चिकाने काळे झाले होते. मी वही पुढे केली तर म्हणाल्या, ‘हात बघ माझे. तू वाच.’

मी वाचलं. ‘उजवा हात मनगटात मोडल्यामुळे डाव्या हाताने लिहीत आहे. अक्षराबद्दल क्षमा असावी. मागे एकदा आपले व्यवस्थापक मी बरी आहे का हे विचारायला आले होते. ते दारातच उभे राहिले. बरी आहे असं मी म्हटल्यावर आभार मानून निघून गेले. मी चहाचं पाणी ठेवायला घेतलं होतं. एका हाताने किटली भरायला वेळ लागतो. पुढच्या वेळी त्यांनी थोडं थांबावं. त्रास दिल्याबद्दल क्षमस्व.’

बाईंनी एक फूल सोललं, त्यातली कडक दांडी काढली, पेपरवर ठेवली. दुसरं घेतलं.

‘हात दाराआड ठेवला असणार तिने,’ त्या म्हणाल्या. ‘परक्याला कशाला दाखवील.’ मग म्हणाल्या, ‘पाठवलंस?’

‘उद्या जाईल फाइल.’

‘कुठल्या खान्यात टाकलीस?’

प्रत्येक नोंदीपुढे तक्रारीचा प्रकार लिहावा लागायचा: आवाज, वास, लिफ्ट, पाणी असा. यातल्या कशातच ही बसत नव्हती. ‘इतर,’ मी म्हटलं.

‘इतर?’ बाईंचा हात थांबला. ‘इतर कोनी वाचतं का? कर्मचाऱ्यांची वागणूक या खान्यात टाक.’

‘पण ती काही व्यवस्थापकाविरुद्ध तक्रार करत नाहीये.’

‘मग कोणाविरुद्ध करतेय? आला, दारातून गेला. ही वागणूकच झाली.’ मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘त्या खान्यात टाकलं की सात दिवसांच्या आत माणसाने घरी जाऊन माफी मागायची असते. त्यांचाच नियम आहे. पहिल्या वर्षीच्या फाइलमध्ये बघ.’

मी वही मिटली. ‘बाई, हे पण तसंच नाही का होणार? त्या अठ्ठावन्नसारखं?’

‘या वेळी चिठ्ठी आहे ना?’ बाई म्हणाल्या. ‘आहे ते नीट जागी ठेवायचं. माझं तेव्हा चुकलं. साहेब बरोबर होते.’

त्या असं म्हणाल्या तेव्हा मला बोलायला वाट मिळाली. मी म्हटलं, ‘त्या दिवशी मी साहेबांना म्हटलं की मी पाहिलं नाही. ते खोटं होतं.’

‘माहितेय मला.’

‘मी दोनदा मोजले होते.’

‘मी समोरच बसले होते गं. तुझे ओठ हलत होते मोजताना.’ त्यांनी मनगटाने नाकावरची माशी उडवली. ‘मोजलंस आणि तरी सही केलीस. मला तेवढं पुरलं. साहेबांपुढे काय म्हणालीस ते राहू दे. घरी हप्ते आहेत तुझ्या, वडील आजारी. मी एकटा जीव.’

मी त्यांच्या शेजारी खाली बसले आणि केळफूल साफ करायला हात लावला. हाताला तेल लावलं नव्हतं, ते बाईंनी पाहिलं आणि पुढचं फूल उचललं. चिकाचे डाग आठवडाभर गेले नाहीत.

सोमवारी मी फाइल उघडून ‘इतर’ खोडलं आणि ‘कर्मचाऱ्यांची वागणूक’ लिहिलं. चिठ्ठी शेवटच्या वाक्यासकट पूर्ण ठेवली. नव्या मुलीने विचारलं, ‘हे इथे का?’ मी म्हटलं, ‘मूळ वाच आणि पटलं तर सही कर.’ तिने वाचलं, सही केली. साहेबांनीही फाइल पाहिली. खाना बदललेला त्यांच्या ध्यानात आला की नाही कोण जाणे. त्यांनी ती तशीच जाऊ दिली.

पुढच्या आठवड्याच्या अखेरीस सिंगापूरहून भेटीच्या अहवालाची प्रत आली. तो एवढाच होता: व्यवस्थापकाने संबंधित रहिवाशांच्या घरी जाऊन क्षमा मागितली. चाळीस मिनिटं थांबले. रहिवाशांच्या हाताची माहिती घेऊन मदतनीसाची सोय केली.

मी जिन्यात जाऊन बाईंना फोन लावला आणि वाचून दाखवलं.

‘चाळीस मिनिटं असं लिहिलंय?’ त्यांनी विचारलं.

‘हो.’

‘म्हणजे घड्याळ बघत होता मेला,’ बाई म्हणाल्या. आणि मग, ‘पण बसला.’